पाण्याला जोर कशाने येतो?



आज आपण न्हाणीघरातल्या पाण्याविषयी बोलणार आहोत. विषय लहान दिसतो. पण ज्याच्या घरी पाणी नीट येत नाही, त्याला तो लहान वाटत नाही.

पूर्वी घरोघरी अंघोळीचे पाणी चुलीवर तापत असे. ज्याची ऐपत होती, त्याच्या घरी तांब्याचा बंब असे. बंबात गोवऱ्या घालायच्या, लाकडे घालायची, धूर डोळ्यांत घ्यायचा, तेव्हा कुठे पाणी तापायचे. बायांची निम्मी सकाळ त्यातच जायची. आता आपल्या घोडेगावात नवी घरे झाली. स्लॅब पडले. स्लॅबवर काळ्या टाक्या बसल्या. न्हाणीत विजेचा गीझर आला आणि डोक्यावर शॉवर आला. हे चांगलेच झाले. म्हाताऱ्या माणसाला वाकून वाकून तांब्या घ्यावा लागत नाही. थंडीत पोरांना गरम पाणी मिळते.

पण मागोमाग तक्रारही आली. आम्ही गावातून फिरतो तेव्हा लोक थांबवून विचारतात, "गुरुजी, शॉवर लावला खरा, पण धारच पडंना. नुसते थेंब गळतात. काय करायचं?" पारावर बसलेल्यांपैकी कोणी सांगतो, टाकी मोठी घे. कोणी सांगतो, गीझरच बदल. कोणी सांगतो, सरळ नळालाच मोटार लाव. या तिन्ही सल्ल्यांत पैसे जातात. तिसऱ्या सल्ल्यात शेजारधर्मही जातो.

म्हणून आधी समजून घेऊ. पैसे मागाहून खर्च करू.

पाण्याला जोर येतो तो उंचीने. ही पहिली गोष्ट लक्षात ठेवा. डोंगरावरचा ओढा धावत येतो. शेतातल्या पाटाचे पाणी सावकाश चालते. पाणी तेच, उतार वेगळा. टाकीचेही तसेच आहे. टाकीतले पाणी नळाच्या तोंडापासून जितके उंच, तितका नळावर दाब जास्त.

हा दाब मोजता येतो. १० मीटर, म्हणजे सुमारे ३३ फूट उंच पाणी असेल, तर त्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १ किलो भरतो. ठिबक वापरणाऱ्या शेतकऱ्याला ही भाषा नवी नाही. पंपाजवळच्या घड्याळावर तो रोज पाहतो, "किलोभर दाब आहे ना?"

आता आपल्या घराचा हिशोब करू. जमिनीपासून स्लॅब १० फूट उंच. शॉवर ७ फुटांवर. टाकी स्लॅबवरच टेकलेली. मग टाकीच्या तळापासून शॉवरपर्यंत उंची किती राहिली? फक्त ३ फूट. म्हणजे टाकी संपत आली की दाब उरतो किलोचा अकरावा हिस्सा. ठिबकाच्या नळीला आपण किलोभर दाब देतो आणि शॉवरला त्याचा अकरावा हिस्सा देतो. मग शॉवर रडणार नाही तर काय करील?

टाकी भरलेली असली की पाण्याची उंची दोन-तीन फुटांनी वाढते. म्हणून सकाळी पहिल्या माणसाला शॉवर बरा लागतो आणि शेवटच्या माणसाच्या वाट्याला थेंब येतात. घरातली सून बहुधा शेवटी अंघोळ करते. तिचे म्हणणे खरे असते.

मोठी टाकी घेतल्याने जोर वाढतो का? नाही. ५०० लिटरची टाकी असो की २००० लिटरची, पाण्याची उंची तेवढीच असेल तर दाब तेवढाच. आड रुंद असला म्हणून खोल होत नाही, तसेच हे आहे. मोठ्या टाकीत पाणी जास्त दिवस पुरेल. जोर मात्र वाढणार नाही.

उंचीची ही करामत आपल्या जुन्या लोकांना ठाऊक होती. १७५० च्या सुमारास, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावातून नळाने पुण्यात पाणी आणले गेले. ते थेट शनिवारवाड्यापर्यंत पोहोचले. त्या काळी वीज नव्हती, मोटार नव्हती. कात्रज उंचावर आणि पुणे शहर सखल, एवढ्याच बळावर पाणी चालत आले. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्कीही अशीच. अठराव्या शतकातली आहे. डोंगराकडचे पाणी नळातून येते, भिंतीत वर चढते आणि खाली पडून जाते फिरवते. वर चढायचे बळ त्याला कोठून आले? तर मुळात ते त्याहून उंचावरून निघाले, म्हणून.

तेव्हा पहिला उपाय हाच. टाकी उंच करा. स्लॅबवर ५ फुटांचा कट्टा किंवा लोखंडी घोडी करून तीवर टाकी ठेवली, तर ३ फुटांचे ८ फूट होतात. दाब अडीच पटीहून जास्त वाढतो. विजेचा खर्च जवळजवळ काही नाही. एकदा केले की कायमचे झाले.

मात्र एक सांभाळा. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो वजन. ५०० लिटरची टाकी भरली की स्लॅबवर ५ क्विंटल बसले. १००० लिटरची असेल तर १० क्विंटल, म्हणजे कांद्याच्या वीस भरलेल्या गोण्या. एवढे वजन स्लॅबच्या मध्यावर ठेवू नका. खाली खांब किंवा भक्कम भिंत असेल तेथेच कट्टा बांधा. गवंड्याला विचारून बांधा. वादळवाऱ्यात रिकामी टाकी उडते, म्हणून ती बांधूनही ठेवा.

आता दुसरी गोष्ट. उंचीने जोर येतो, आणि वाटेत तो खर्च होतो. बाजाराला निघालेल्या माणसासारखे आहे. खिशात १०० रुपये घेऊन निघाला, पण वाटेत चहा, विडी, पान करत गेला तर बाजारात पोहोचेपर्यंत खिसा हलका. पाण्याचा जोर वाटेत कोण खातो? अरुंद पाइप खातो. प्रत्येक कोपरा खातो. अर्धवट उघडलेला कॉक खातो. पाइपात साठलेला गाळ आणि खार खातो.

टाकीपासून न्हाणीपर्यंत अर्ध्या इंचाचा पाइप आणला असेल, तर निम्मा जोर वाटेतच मुरतो. एक इंची पाइपाचे तोंड अर्ध्या इंचाच्या चार पाइपांएवढे असते. कडेचे घर्षणही त्यात कमी. म्हणून टाकीतून खाली येणारा पाइप एक इंची घ्या. न्हाणीजवळ आल्यावर पाऊण आणि शेवटी अर्धा केला तरी चालतो. कोपरे कमी ठेवा. पाइप वरखाली नागमोडी नेऊ नका. नागमोडी पाइपाच्या उंचवट्यात हवा अडकते आणि पाण्याची वाट अडवते.

येथे कोणी शंका काढील. "गुरुजी, नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी लांब उडतं. मग बारीक पाइपाने जोर वाढायला पाहिजे की!" शंका चांगली आहे. त्याचे उत्तर बादलीला विचारा. अंगठा दाबून बादली भरा आणि अंगठा काढून बादली भरा. अंगठा दाबला की धार लांब जाते, पण बादली भरायला वेळ जास्त लागतो. अंगठा फक्त तोंडाशी असतो. सगळा पाइपच बारीक केला तर धारही गेली आणि बादलीही गेली.

मग आपल्या घरात दोष कोठे आहे हे कसे ओळखायचे? त्यासाठी प्लंबर बोलवायच्या आधी एक बादली घ्या आणि एक घड्याळ घ्या. बादली किती लिटरची आहे हे तिच्या बुडाशी किंवा दुकानात कळते. समजा १० लिटरची आहे. न्हाणीतल्या खालच्या नळाने ती भरा आणि किती मिनिटे लागली ते कागदावर लिहा. मग शॉवरखाली गार पाण्याने भरा आणि लिहा. मग गीझरमधून येणाऱ्या गरम पाण्याने भरा आणि लिहा. गरम पाण्याने भरताना हात दूर ठेवा, पोरांना जवळ येऊ देऊ नका.

आता लिहिलेले वाचा.

खालच्या नळाला पाणी भरपूर आणि शॉवरला कमी, असे असेल तर थोडा फरक उंचीचा आहे. शॉवर वर असतो, नळ खाली. पण फरक फारच मोठा असेल तर शॉवरची चाळणी चोंदली आहे. बोअरच्या पाण्यात खार फार असतो. त्याचा पांढरा थर चाळणीच्या भोकांत बसतो. चाळणी फिरवून काढा, लिंबाच्या रसात किंवा शिरक्यात रात्रभर बुडवा, सकाळी जुन्या दात घासायच्या ब्रशने घासा आणि टाचणीने भोके मोकळी करा. ठिबकाचे तोंड चोंदले म्हणजे शेवटच्या झाडाला पाणी मिळत नाही, हे आपण जाणतो. हेही तेच दुखणे. या उपायाला दहा-वीस रुपयांची लिंबे लागतात.

गार पाणी चांगले आणि गरम पाणी कमी, असे असेल तर दोष गीझरकडच्या वाटेत आहे. गीझरच्या तोंडाशी बारीक जाळी असते, कॉक असतो. जाळीत कचरा अडकतो. येथे स्वतः हात घालू नका. मेन स्विच बंद करून जाणत्या माणसाकडून साफ करून घ्या.

तिन्हीकडे पाणी कमी, असे असेल तर टाकीची उंची, पाइप आणि टाकीखालचा कॉक पाहा. पुष्कळ वेळा तो कॉक कोणीतरी अर्धा बंद केलेला असतो आणि घरातले सगळे वर्षभर शॉवरला नावे ठेवतात.

आता गीझरविषयी सांगतो. येथेच पुष्कळांची फसगत होते.

पाण्याचा जोर आणि पाण्याची ऊब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ३ लिटरचा लहान गीझर पुष्कळ घरांत असतो. तो पाणी वाहता वाहता तापवतो. त्यावरच्या पाटीवर बहुधा ३००० वॅट असे लिहिलेले असते. एवढी वीज एका मिनिटाला किती पाणी तापवते? १ लिटर सोडले तर ते सुमारे ४३ अंशांनी तापते. २ लिटर सोडले तर २१ अंशांनी. ६ लिटर सोडले तर अवघे ७ अंशांनी.

थंडीच्या दिवसांत टाकीचे पाणी समजा २० अंशांचे आहे. अंघोळीला सुमारे ४० अंशांचे पाहिजे. म्हणजे हा गीझर मिनिटाला २ लिटरच देऊ शकतो. तुम्ही टाकी उंच केली, पाइप रुंद केला आणि मिनिटाला ६ लिटर पाणी सोडले, तर पहिले ३ लिटर गरम येईल आणि मागून गारठा येईल. मग तुम्ही म्हणाल, "जोर आला पण गीझर बिघडला." गीझर बिघडलेला नाही. एका चुलीवर दहा भाकरी एकदम भाजत नाहीत, तसे आहे ते.

परदेशात वाहते पाणी तापवणारे विजेचे शॉवर असतात. ते ८ ते १० हजार वॅटचे असतात. एवढी वीज ओढायला तसे मीटर आणि तशी जाड तार लागते. आपल्या साध्या घरातल्या जोडणीला ते झेपणार नाही.

मग जोराचा शॉवर आणि गरम पाणी दोन्ही पाहिजे असेल तर काय करायचे? साठवणीचा गीझर घ्यावा. १५ लिटरचा, २००० वॅटचा गीझर २० अंशांचे पाणी ६० अंशांपर्यंत न्यायला साधारण २५ मिनिटे घेतो. त्याला पाऊण युनिटाच्या आसपास वीज लागते. ते १५ लिटर कडक पाणी आणि १५ लिटर गार पाणी मिसळले की ३० लिटर अंघोळीचे पाणी झाले. मिनिटाला ६ लिटर पडले तरी पाच मिनिटे चांगला शॉवर मिळतो. मात्र हे पाणी मिसळणाऱ्या नळातूनच घ्यावे. ६० अंशांचे पाणी नुसते अंगावर घेतले तर कातडे भाजते.

आणि विजेला भिऊन वागा. ३००० वॅटचा गीझर सुमारे १३ अँपिअर वीज ओढतो. पंख्याच्या, मोबाईलच्या लहान सॉकेटला तो जोडला तर सॉकेट वितळते, तार जळते. त्याला १६ अँपिअरचे सॉकेट आणि वेगळी तार पाहिजे. अर्थिंग पाहिजेच. वीज गळली की आपोआप प्रवाह तोडणारा स्विच मिळतो. त्याला ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात. तो घरात बसवून घ्या. ओले अंग आणि उघडी वीज यांची गाठ पडली तर दुसरी संधी मिळत नाही. शॉवरचा जोर कमी राहिला तर चालेल, अर्थिंगवाचून गीझर चालणार नाही.

गीझर विकत घेताना आय.एस.आय. ची खूण पाहा. पाटीवरचे वॅट, लिटर आणि पाण्याच्या दाबाची मर्यादा वाचा. आता तुम्हांला अक्षर येते, आकडा येतो. दुकानदार तोंडाने काय सांगतो त्याआधी पाटी काय सांगते ते पाहा. काही शब्द इंग्रजी असतील तर शाळेत जाणाऱ्या मुलीला बरोबर न्या. आकडा तुम्ही वाचा, शब्द तिला वाचू द्या.

आता मोटारीचे बोलू. सगळ्यांत महत्त्वाचे हेच आहे.

गावचा नळ तासभर येतो. कोणी घरमालक नळालाच मोटार जोडतो आणि पाणी सरळ स्लॅबवर ओढतो. त्याची टाकी भरते, शॉवर चालतो. पण पाणी कोठून आले? पाइपात ते सगळ्यांसाठी निघाले होते. मोटारीने ते ओढले की वरच्या आळीतला जोर गेला. तेथे एखादी म्हातारी नळाखाली हंडा लावून बसलेली असते. तिच्या नळातून हवा फुसफुसते. तास संपतो. हंडा रिकामा राहतो. मग दुसरा घरमालक मोटार आणतो, मग तिसरा. शेवटी ज्याच्याकडे मोटार नाही त्याच्याकडे पाणी नाही.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. पाइपात पाणी भरून वाहत असते तेव्हा फुटक्या सांध्यातून पाणी बाहेर गळते. पण मोटारीने पाइप शोषला की उलटे होते. त्याच सांध्यातून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. आणि पाइप पुष्कळ ठिकाणी गटाराशेजारून जातो. गटाराचे पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले की जुलाब, कावीळ, विषमज्वर हे पाहुणे घरात येतात. ते वरच्या आळीत जातात आणि मोटारवाल्याच्या घरीही जातात. रोग मीटर पाहून येत नाही.

म्हणून सार्वजनिक नळाला मोटार लावायची नाही. तशी परवानगीही नसते. ग्रामपंचायत अशी मोटार जप्त करू शकते, नळ तोडू शकते. पण दंडाच्या भीतीने नव्हे, शेजारणीच्या हंड्याकडे पाहून ही गोष्ट सोडा.

मग स्लॅबवरची टाकी भरायची कशी? सरळ मार्ग आहे. अंगणात जमिनीलगत झाकणाचा हौद किंवा टाकी करा. नळाचे पाणी त्यात आपल्या जोराने पडू द्या. हौद भरला की पाणी बंद करणारा बॉल कॉक बसवा. मग त्या हौदातून मोटारीने वरची टाकी भरा. असा हौद नळाला येईल तेवढेच पाणी घेतो, शेजाऱ्याचे ओढत नाही. टाकी उंच करूनही शॉवरला जोर कमीच पडला, तर लहान प्रेशर पंप मिळतो. तोही आपल्या वरच्या टाकीच्या पुढे बसवायचा, गावच्या नळावर नाही. पण तो शेवटचा उपाय. त्याला वीज लागते. वीज गेली की तो मुका होतो. उंचावरची टाकी विजेवाचूनही काम करते.

हौदच मुळात भरत नसेल, तर दोष घरातला नाही. तेव्हा शेजारी एकत्र या, ग्रामसभेत अर्ज लिहा. "आमच्या आळीत अमुक दिवशी, इतक्या वेळात, इतक्या बादल्या पाणी आले," असे आकडे त्यात घाला. नुसत्या आरड्याओरड्यापेक्षा आकड्याला वजन असते.

आणखी एक हिशोब सांगून थांबतो. १५ ऑगस्ट २०१९ रोजी देशात जल जीवन मिशन सुरू झाले. त्यात खेड्यातल्या दर माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी नळाने द्यायचे ठरले. पिणे, स्वयंपाक, अंघोळ, धुणे, भांडी सगळे त्यात आले. बादलीने अंघोळ केली तर १५ ते २० लिटरमध्ये भागते. मिनिटाला ६ लिटरच्या शॉवरखाली पाच मिनिटे उभे राहिलो तर ३० लिटर. दहा मिनिटे राहिलो तर ६० लिटर, म्हणजे दिवसाच्या सगळ्या वाट्याहून जास्त. तेव्हा जोर आला म्हणजे वेळ आवरायला शिकले पाहिजे. अंग भिजवा, शॉवर बंद करा, साबण लावा, मग पुन्हा सोडा.

आपल्या घोड नदीवर वर डिंभे धरण आहे. त्याच्या जलाशयाला आपल्याच तालुक्यातल्या हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे. ज्या आंबेगावाचे नाव आपला तालुका लावतो, ते जुने आंबेगाव त्या पाण्याखाली गेले. लोकांनी घरे सोडली, शेते सोडली. हे पाणी फुकटचे नाही. आणि कात्रजच्या ज्या नळाची गोष्ट आपण मघाशी केली, त्याचे पाणीही नुसते वाड्यातच गेले नाही. शहरातल्या हौदांवर लोकही त्यातून पाणी भरत. पेशव्यांच्या नळाला जे जमले ते आपल्या नळाला जमायला हरकत नाही. घरात शॉवर चालावा आणि वरच्या आळीतला हंडाही भरावा.

आता घरी करायचे काम. आज रात्री बादली आणि घड्याळ घ्या. तीन नळांनी बादली भरा. तिन्ही वेळा कागदावर आपल्या हाताने लिहा. टाकीच्या तळापासून शॉवरपर्यंत किती फूट आहेत तेही मोजून लिहा. पुढच्या बैठकीला तो कागद घेऊन या. ज्याच्या घरी शॉवर नाही त्याने नळाला पाणी केव्हा आले, केव्हा गेले आणि किती हंडे भरले ते लिहावे. सगळे कागद एकत्र वाचू. कोणाची टाकी उंच करायची, कोणाची चाळणी साफ करायची आणि कोणत्या आळीचा अर्ज करायचा, हे त्यावरून आपले आपल्यालाच कळेल.